दाताचे मूळगाव

नगर जिल्ह्यातील बाजारपेठांत स्थिरावलेल्या जैन कुटुंबांना महाराष्ट्रात येऊन अनेक पिढ्या लोटल्या. घरातील बोलणे मराठी झाले, व्यवहार मराठी झाला. तरी सोयरीक ठरताना गोत्रापाठोपाठ एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘आपण मूळचे कुठले?’ उत्तरादाखल मारवाड, मेवाड, कच्छ वा गुजरातेतील एखाद्या लहानशा गावाचे नाव येते आणि मगच परिचय पुरा होतो. दुकानात माल घेतानाही हाच प्रश्न निराळ्या शब्दांत येतो. गूळ कुठला, तूर कुठली, कापड कोणत्या पेठेचे, हे कळल्याखेरीज जाणता व्यापारी भाव बोलत नाही.

हाच प्रश्न एका अगदी वेगळ्या वस्तूला लावून पाहण्याजोगा आहे. ती वस्तू म्हणजे शार्क माशाचा जीवाश्म झालेला दात. काळसर वा बदामी रंगाचा, त्रिकोणी, तकतकीत असा हा दात जगभरातील छंदिष्टांच्या संग्रहात मानाने मिरवतो. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या भेटवस्तूंत, खडे-रत्नांच्या प्रदर्शनांत, गळ्यातील लोलकात किंवा घरपोच खरेदीच्या पेटीतून तो आता सुप्यासारख्या गावातील मुलांच्या हातीही पडू शकतो. मूल विचारते, ‘हा खरा आहे का?’ त्याआधी विचारण्याचा प्रश्न मात्र ‘हा मूळचा कुठला?’ असा आहे. दाताची शास्त्रीय किंमत, बाजारातील मोल आणि अहिंसेच्या तराजूतील त्याचे वजन ही तिन्ही या एका उत्तरावर ठरतात.

सुप्याच्या खडकात तो का नाही?

सुपा हे नगर-पुणे महामार्गावरील पारनेर तालुक्यातील गाव. आज ते औद्योगिक वसाहतीमुळे सर्वदूर परिचित झाले आहे. या परिसरात विहीर खणा, पाया खणा, की मुरूम संपताच काळा पाषाण लागतो. हा बेसॉल्ट खडक. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून तप्त लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरत गेला आणि थिजला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर त्याचे आच्छादन आहे. त्यालाच दख्खनचा पठारी खडक म्हणतात. समुद्रातील प्राण्याचे अवशेष जपून ठेवायला समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ लागतो. उकळत्या लाव्ह्याच्या थरात ते कोठून सापडणार? म्हणून सुप्याच्या शिवारात कोणी शार्कचा दात सापडल्याचे सांगितले, तर तो कोणाच्या तरी खिशातून पडला असावा, असेच समजणे योग्य.

तरीही सुप्याच्या काळ्या पाषाणाचा आणि शार्कच्या दाताचा संबंध आहे. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, नर्मदेच्या खोऱ्यात, बाघ नावाचे गाव आहे. तेथील प्राचीन चित्रांकित लेणी अनेकांना ठाऊक असतील. त्याच भागात चुनखडकाचे सागरी थर आहेत. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचे एक बोट नर्मदेच्या खोऱ्यात आत शिरले होते. त्या समुद्रातील शिंपले, सागरी साळिंदरे आणि शार्कचे दात या थरांत गाडले गेले. पुढे त्यांच्यावर लाव्ह्याचे थर चढले. सुप्याच्या पायाखाली जो दगड आहे, त्याच जातीचा दगड बाघच्या त्या लुप्त समुद्रावर झाकणासारखा बसला आहे. नर्मदा आणि तिच्या उपनद्यांनी तो जेथे कापून काढला, तेथे खालचा समुद्र उघडा पडला.

दात पडतात, म्हणून उरतात

शार्कच्या शरीरात हाड नसते. त्याचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या बाह्यकानात असते तशा लवचिक द्रव्याचा असतो. मृत्यूनंतर कूर्चा लवकर कुजते, त्यामुळे शार्कचा संपूर्ण जीवाश्म फार दुर्मीळ. दातांचे मात्र उलट आहे. त्यांच्यावर फ्लोरिनयुक्त फॉस्फेटचे कठीण कवच असते. शिवाय शार्कच्या जबड्यात दातांच्या अनेक ओळी एकामागे एक तयार असतात. पुढचा दात झिजला वा निखळला, की मागचा सरकत पुढे येतो. हा क्रम आयुष्यभर चालू राहतो आणि एकेका शार्कचे हजारो दात समुद्राच्या तळाशी पडतात. शार्कचा वंश पृथ्वीवर सुमारे ४० कोटी वर्षांपासून आहे. इतक्या दीर्घ काळात किती दात गाळात गेले असतील, याचा हिशेब कोणत्याही खतावणीत मावणार नाही.

गाळात गाडलेल्या दातात भोवतालच्या पाण्यातील खनिजे हळूहळू मुरतात. तो जड होतो, त्याचा रंग पालटतो. दात जितका काळा तितका जुना, असा एक गैरसमज आहे. वस्तुतः रंग वयाचा नसून भूमीचा असतो. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या फॉस्फेटयुक्त थरांतील दात काळे-करडे असतात, तर मोरोक्कोतील त्याहून कितीतरी जुने दात फिकट पिवळे वा बदामी निघतात. म्हणजे रंगसुद्धा वय सांगत नाही, मूळगाव सांगतो.

ज्याच्या दातांसाठी संग्राहक सर्वाधिक हौस दाखवतात, तो मेगालोडॉन नावाचा महाकाय शार्क. या ग्रीक नावाचा अर्थच ‘मोठा दात’ असा आहे. सुमारे २.३ कोटी ते ३६ लाख वर्षांपूर्वीच्या काळात तो समुद्रांत वावरत होता. त्याचा दात १५ सेंटिमीटरहून मोठा, म्हणजे प्रौढ माणसाच्या तळहाताएवढा भरू शकतो. १८७२ ते १८७६ या काळात जगाच्या समुद्रांचा अभ्यास करणाऱ्या ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने पॅसिफिक महासागराच्या तळातून असे दात वर काढले होते. त्यांवर मँगनीजचे पूट चढलेले होते.

जिभेच्या दगडापासून शास्त्रापर्यंत

युरोपात या दातांना शतकानुशतके ‘जिभेचे दगड’ म्हणत. चंद्र क्षीण होत असताना ते आकाशातून पडतात, अशी समजूत रोमन लेखक प्लिनीने नोंदवून ठेवली आहे. माल्टा बेटावर ते विपुल मिळत. तेथील लोक त्यांचा संबंध संत पॉल आणि सापांच्या कथेशी जोडत. ते विषावर उतारा ठरतात, या विश्वासाने श्रीमंत लोक ते जवळ बाळगत आणि त्यासाठी भरपूर दाम मोजत. ज्या वस्तूचे मूळ माहीत नसते, तिच्याभोवती चमत्काराची कथा लवकर जमते, आणि कथेपाठोपाठ भावही चढतो.

१६६६ मध्ये इटलीतील लिव्होर्नो बंदराजवळ कोळ्यांनी एक मोठा शार्क पकडला. त्याचे शिर फ्लॉरेन्सला, निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे तपासणीसाठी पाठवण्यात आले. स्टेनोने त्या जबड्यातील दात आणि ‘जिभेचे दगड’ शेजारी ठेवून पाहिले. आकार तोच, धार तीच. हे दगड म्हणजे पूर्वीच्या शार्कचेच दात होत, असे त्याने १६६७ मध्ये प्रसिद्ध केले. फाबिओ कोलोन्ना या इटालियन विद्वानाने हे १६१६ मध्येच सांगितले होते. पण स्टेनो एक पाऊल पुढे गेला. समुद्रातील प्राण्याचे दात डोंगरातील दगडात कसे, या प्रश्नाचा पाठपुरावा करत त्याने १६६९ मध्ये थरांचा नियम मांडला : थर उलटेपालटे झाले नसतील, तर खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. रोजमेळाची पाने जशी तारखेच्या क्रमाने येतात, तसे पृथ्वीचे थर वाचता येतात, हे यातून कळले. भूशास्त्राच्या या पायाभूत नियमाकडे जाणारी वाट एका दाताच्या मूळगावाच्या शोधातून निघाली.

भारतातील पत्ते

भारतात शार्कचे जीवाश्म दात अनेक ठिकाणी मिळाले आहेत, आणि त्यांतील काही ठिकाणे या मासिकाच्या वाचकांना जवळची वाटावीत. पहिले जैसलमेर. किल्ल्यातील जिनमंदिरे आणि पटवा श्रेष्ठींच्या हवेल्या यांमुळे हे नाव घरोघरी परिचित आहे. त्या परिसरातील ज्युरासिक काळच्या सागरी खडकांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संशोधकांना शार्कच्या एका लुप्त जातीचे दात मिळाले. २०२१ मध्ये तिला ‘स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस’ असे नाव देण्यात आले. हे दात १६ ते १६.८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. ते टोकदार नाहीत. कठीण कवचाचे प्राणी भरडण्यासाठी घडलेले, जात्याच्या पाळीसारखे चपटे आहेत. आज जेथे वाळू उडते, तेथे एकेकाळी लाटा येत होत्या, याची ही साक्ष. गावाचे नावच त्या प्राण्याला मिळाले. मूळगावाचा याहून मोठा सन्मान कोणता?

दुसरे ठिकाण कच्छ. तेथील सागरी थरांतही शार्कचे दात मिळतात. तिसरे तमिळनाडूतील अरियलूर, जेथील क्रेटेशियस काळचा चुनखडक आज सिमेंटच्या कारखान्यांना जातो. चौथे ओडिशातील मयूरभंज जिल्ह्यातील बारीपाडा. बुढाबलंग नदीकाठच्या तेथील थरांत मायोसीन काळचे शार्कचे दात सापडतात. मयूरभंजचे नाव व्यापारी समाजाच्या दृष्टीने आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. प्रमथनाथ बोस या भूशास्त्रज्ञाने तेथील खडकांचे सर्वेक्षण केले आणि तेथील लोहखनिजाविषयी १९०४ मध्ये जमशेटजी टाटा यांना पत्र लिहिले. टाटांच्या पोलाद कारखान्याची वाट त्या पत्रातून सुकर झाली. याच बोस यांनी त्यापूर्वी नर्मदेच्या खालच्या खोऱ्यातील, म्हणजे बाघच्या थरांचाही अभ्यास केला होता. कोणता दगड कोणत्या ठिकाणचा, हे काटेकोरपणे लिहून ठेवणाऱ्या माणसाच्या नोंदीवर पुढे केवढा उद्योग उभा राहू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

बाजारात स्वस्तात मिळणारे बहुतेक जीवाश्म दात मात्र भारतातील नसतात. ते मोरोक्कोतील खुरीब्गा परिसरातील फॉस्फेटच्या खाणींतून येतात. हे फॉस्फेट म्हणजे रासायनिक खतांचा कच्चा माल, आणि भारत तो मोरोक्कोतून आयात करतो. नगर जिल्ह्यातील एखाद्या खतविक्रेत्याच्या दुकानात रचलेल्या गोण्यांचा आणि त्याच्या मुलाच्या हातातील दाताचा उगम एकाच खाणीत असणे अगदी शक्य आहे.

दंतवाणिज्याचा प्रश्न

येथे जैन वाचकाच्या मनात एक शंका उभी राहणे स्वाभाविक आहे. श्रावकाच्या सातव्या व्रताच्या विवेचनात पंधरा कर्मादाने, म्हणजे टाळावयाचे पंधरा व्यवसाय, सांगितले आहेत. त्यांत दंतवाणिज्य आहे. हस्तिदंत हे त्याचे ठळक उदाहरण. पण बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त दात, केस, नखे, हाडे, कातडी अशा त्रस जीवांच्या अवयवांचा त्यात समावेश केला आहे आणि ते उत्पत्तिस्थानीच व्यापारासाठी घेणे म्हणजे दंतवाणिज्य, असा अर्थ दिला आहे. यामागचा युक्तिवाद व्यापाऱ्याला सहज उमगणारा आहे. उत्पत्तिस्थानी गिऱ्हाईक आले, आगाऊ रक्कम मिळाली, की शिकारी प्राण्यामागे धावतो. शस्त्र त्याचे असते. पण मागणी व्यापाऱ्याची असते.

कोट्यवधी वर्षांपूर्वी गळून पडलेल्या दाताला ही कसोटी लावली, तर मागणी वाढल्याने आज कोणाचा जीव जात नाही, हे उघड आहे. परंतु बाजारात जीवाश्म दातांच्या शेजारीच आजच्या शार्कचे पांढरे दात आणि वाळवलेले जबडेही विकले जातात. तेथे हिंसा साक्षात आहे. पांढऱ्या दाताला काळा रंग देणे फारसे कठीण नाही आणि लोलकात बसवल्यावर त्याचे मूळ अधिकच झाकले जाते. जगात शार्कची मासेमारी करणाऱ्या प्रमुख देशांत भारताची गणना होते. पर, कातडी, यकृताचे तेल, मांस यांसाठी शार्क पकडले जातात आणि उशिरा वयात येणाऱ्या, थोडी पिल्ले देणाऱ्या या प्राण्यांची भरपाई फार मंद गतीने होते.

कायद्यानेही या दिशेने काही पावले टाकली आहेत. २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. २०१३ मध्ये पर कापून धड समुद्रात फेकण्याच्या क्रूर पद्धतीला आळा घालणारे धोरण आले, २०१५ मध्ये शार्कच्या परांच्या निर्यातीवर बंदी आली आणि २०२२ च्या दुरुस्तीने संरक्षित जातींची यादी वाढली. गुजरातच्या किनाऱ्यावर २००४ मध्ये व्हेल शार्कच्या रक्षणाची मोहीम सुरू झाली. मोरारीबापूंनी या माशाला माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली आणि ‘व्हाली’ हे लाडके नाव रुजले. त्यानंतर कोळी बांधवांनी आपली महागडी जाळी कापून शेकडो व्हेल शार्कना मोकळे केले. पोटाचे साधन कापून जीव वाचवणाऱ्या त्या हातांपुढे, दाताचे मूळ विचारण्याचे कष्ट ग्राहकाला फार वाटू नयेत.

खाणीतील उत्खननाला शास्त्रात स्फोटकर्म म्हटले आहे, त्यामुळे खाणीतून आलेल्या जीवाश्माविषयीही कोणाला संकोच वाटू शकतो. त्याचा निर्णय प्रत्येक कुटुंबाने आपल्या गुरुमहाराजांना विचारून घ्यावा. पण निर्णयासाठीही आधी माहिती हवी, आणि ती मुळाशीच मिळते.

चिठ्ठीचे मोल

घ्यायचाच असेल, तर दात घेताना चार गोष्टी विचाराव्यात : देश कोणता, ठिकाण कोणते, थर किंवा काळ कोणता, आणि जात कोणती. ‘शार्कचा दात, फार जुना’ एवढेच सांगणारा विक्रेता बिलाविना माल देणाऱ्यासारखा समजावा. मग दात भिंगाखाली पाहावा. रेझिनच्या नकलेत सूक्ष्म बुडबुडे दिसतात. मोरोक्कोच्या मालात एका दाताचा वरचा भाग आणि दुसऱ्याचे मूळ वाळू-डिंकाने जोडलेले असते. तेथे सांधा आणि रंगातील फरक लक्षात येतो. दुरुस्ती असणे हा गुन्हा नाही. ती लपवणे हा आहे.

कायद्याचाही विचार हवा. फ्लोरिडात सरकारी जमिनीवरील पृष्ठवंशीय जीवाश्म गोळा करायला परवाना लागतो, पण शार्कचे दात त्यातून वगळले आहेत. भारतात केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळे आणि भूअवशेष यांच्या जतनासाठीच्या विधेयकाचा मसुदा डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. जैसलमेर, कच्छ वा बाघच्या सहलीत असा एखादा दात दिसलाच, तर तो उपटून खिशात घालण्यापेक्षा जागेवरच छायाचित्र काढून भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवणे हे अधिक मोठे पुण्य. थरातून उपटलेला, ठिकाण विसरलेला दात शोभेचा राहतो. शास्त्राला तो काहीच सांगू शकत नाही.

ही हानी किती खरी असते, हे पाहायला सुप्याबाहेर फार दूर जाण्याची गरज नाही. येथील बेसॉल्टमध्ये शार्कचे दात नसले, तरी लाव्हा थिजताना राहिलेल्या पोकळ्यांत झिओलाइट आणि त्यांच्या सोबतीची नितांत सुंदर स्फटिके तयार झाली आहेत. नगर जिल्ह्यातील राहुरीचे नाव ॲपोफिलाइट आणि स्टिल्बाइट यांच्यामुळे जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतील गारगोटी संग्रहालयात अशा स्फटिकांचे वैभव पाहता येते. पण परदेशांतील जुन्या संग्रहांत दख्खनच्या कित्येक स्फटिकांच्या चिठ्ठीवर नुसते ‘पूना’ एवढेच लिहिलेले असते. कोणत्या गावची विहीर, कोणत्या घाटातील खोदकाम, कोणत्या मजुराच्या हाताला तो प्रथम लागला, काहीही नाही. माल युरोपात पोहोचला आणि गाव वाटेत हरवले. स्फटिक तेवढाच देखणा आहे. पण त्याला विचारावे, ‘आपण मूळचे कुठले?’, तर तो गप्प राहतो.

म्हणून या छंदाची सुरुवात खरेदीने न करता नोंदीने करावी. विहिरीच्या किंवा पायाच्या कामातून आधीच बाहेर पडलेला एखादा स्फटिक, मालकाची परवानगी घेऊन उचलावा; त्यासाठी नवा दगड फोडू नये. मुलांना एक वही द्यावी. क्रमांक, तारीख, गाव, गट, किती खोलीवरून निघाला, कोणी दिला, असे रकाने आखून द्यावेत. तोच क्रमांक स्फटिकावर लहान अक्षरांत लिहावा, म्हणजे वस्तू आणि नोंद यांची ताटातूट होणार नाही. आजोबांच्या दुकानातील आवक-बारनिशीसारखीच ही वही. पुढे कधी त्या घरात शार्कचा दात आलाच, तर त्यालाही त्याच वहीत पुढचा क्रमांक मिळावा. आणि ‘कोठून’ या रकान्यात लिहिण्याजोगे काही नसेल, तर तो दात विक्रेत्याला परत करावा.